उसासे बाहेर टाकावेत

खोली भाड्याने देण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, जेवणाची सोय काय तेही विचारलं नाही. म्हणाले, "तुम्हाला उसासे टाकायची सवय आहे का?"

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. महाडात एका डॉक्टरांकडे कंपौंडर म्हणून नुकताच लागलो होतो आणि जन्मात पहिल्यांदा घर सोडून एकटा राहत होतो. उसासे टाकणं हा माझा त्या दिवसांतला मुख्य उद्योगच होता म्हणा ना. पण खोली हवी होती, म्हणून मी ठोकून दिलं, "छे, मुळीच नाही."

त्यांनी माझ्या छातीकडे नीट पाहून घेतलं. "खोटं बोललात. हरकत नाही. टाका, पण अंगणात जाऊन टाका."

हे आमचे घरमालक. पन्नाशी उलटलेले, उंच, काडीसारखे, डोक्याला कायम अर्धवट सुटलेला रुमाल. अख्खं महाड त्यांना मातीवाले म्हणायचं, आणि त्यांना ते नाव आवडायचं. पुढे पडवी, पडवीला लागून माझी खोली, आणि मधल्या घराच्या दारावर खिळ्याला अडकवलेली एक पाटी: 'उसासे बाहेर टाकावेत.' खाली बारीक अक्षरांत: 'हसणे, भांडणे व गाणे हेही.'

पहिले आठ दिवस मी त्या पाटीला वेडाचा झटका समजत होतो. मग एकदा त्यांनी मला आत नेलं. भिंतीला लागून मातीचा ओटा, ओट्यावर रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीच्या तळाशी दोन मुठी ओलसर माती, मातीवर ठेवलेली एक छोटी काचेची वाटी, वाटीत चुन्याची निवळी. झाकण मेणाने बंद केलेलं. मी विचारलं, हे काय आहे. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, मला दंडाला धरून बाहेर पडवीत आणलं, फुस्सकन श्वास सोडला आणि मग जे बोलायला लागले ते पार तिन्हीसांजा होईपर्यंत.

माती मेलेली नसते, असं त्यांचं म्हणणं. चिमूटभर मातीत अख्ख्या जिल्ह्यात माणसं नसतील एवढे जंतू असतात. ते खातात, पितात, श्वास सोडतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा श्वास दिसतो, कारण तो लागला की चुन्याची निवळी पांढरी होते. जितका श्वास जास्त तितका निवळीतला चुना कमी उरतो. किती उरला ते थेंबांनी मोजायचं. आता गोम अशी की आपण माणसंही तोच वायू सोडतो, आणि मातीच्या हजारपट सोडतो. तेव्हा बरणी उघडी असताना शेजारी कोणी मनापासून उसासा टाकला, की मातीचा हिशेब बुडाला.

म्हणून ते स्वतः त्या खोलीत श्वास रोखून वावरायचे. पाण्यात बुडी मारावी तसे आत शिरायचे, एखादं झाकण उघडायचे, वाटी बदलायचे, आणि लालबुंद होऊन बाहेर यायचे. पडवीत दोन-चार श्वास घेतले की पुन्हा आत. या सवयीने त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं. बराच वेळ गप्प, आणि मग एका दमात पन्नास वाक्यं. बाजारात कोणी नमस्कार केला तर ते उत्तर न देता पुढे जायचे, आणि दहा पावलांवरून एकदम वळून त्या माणसाच्या घरच्या सगळ्यांची चौकशी करायचे. अर्थात आधी मातीची. "माती कशी आहे?" हा त्यांचा रामराम होता. एका लग्नात नवरदेव दारात येऊन उभा राहिला तेव्हा हे गृहस्थ मांडवाच्या मागे मुहूर्तमेढीच्या खड्ड्यातली माती हुंगत बसलेले सापडले. ती त्यांनी उपरण्यात बांधून आणली होती. आहेर द्यायचा मात्र विसरले.

मी दवाखान्यातला माणूस, त्यामुळे त्यांचं माझ्याशी जमलं. चुन्याची निवळी आम्हीही करायचो, पोरांच्या पोटासाठी. आणखी एक वस्तू त्यांना आमच्याकडून लागायची, ती म्हणजे जुलाबाची पांढरी पूड. डॉक्टर तिला लांबलचक इंग्रजी नावाने हाक मारत. ती स्पिरिटात विरघळवून तिचा एक थेंब निवळीत टाकला की निवळी कोकमाच्या सरबतासारखी गुलाबी होते. मग तळाशी तोटी असलेल्या काचेच्या नळीतून गंजाचे डाग काढायचं आम्ल थेंब थेंब सोडायचं. चुना संपला की ज्या थेंबाला तो संपला त्याच थेंबाला गुलाबी रंग नाहीसा. हळूहळू फिकट होऊन नव्हे, एकदम. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पाटी विसरून "अरेच्चा" म्हणालो आणि बाहेर काढला गेलो.

मी दर महिन्याला पुडी बांधून आणतो हे गावात कळायला वेळ लागला नाही. मातीवाल्यांचं पोट फार कडक आहे अशी बातमी पसरली. आमच्या डॉक्टरांनी त्यांना रस्त्यात अडवून सांगितलं की इतकी पूड घेऊ नका, आतडी जातील. ते गंभीरपणे म्हणाले, "मी घेत नाही हो. मी ती निवळीला देतो." डॉक्टरांनी त्यानंतर माझ्याकडेही संशयाने बघायला सुरुवात केली.

बरण्यांपैकी एक नेहमी रिकामी असायची. निवळीची वाटी होती, माती नव्हती. तिला ते 'कोरी' म्हणत. रोज मोजायला बसले की आधी कोरी, मग बाकीच्या. दसऱ्याला ओट्याची पूजा केली तर झेंडूचं पहिलं फूल त्या कोरीला. मी एकदा विचारलं, जिच्यात काहीच नाही तिचे एवढे लाड कशाला. ते म्हणाले, "बाकीच्या बरण्या मातीबद्दल सांगतात. ही माझ्याबद्दल सांगते. माझं झाकण चुकलं, माझी निवळी शिळी झाली, मी श्वास सोडला, सगळं हिला कळतं. हिच्यात काही निघालं तर त्या दिवशीचं सगळं फेकून द्यायचं." आणि तसं ते खरोखर फेकून द्यायचे. मला ती उधळपट्टी वाटायची.

पौषात एके दिवशी दुपारी दवाखान्यात एक म्हातारी आली. शिवथरच्या खोऱ्यातल्या वरच्या एका वाडीची, भागाबाई नावाची. दुखणं काही नव्हतं. तिच्याकडे एक इंग्रजी कागद होता आणि तो वाचून दाखवणारा माणूस तिला हवा होता. वाडीतले तरणे पुरुष मुंबईत गिरण्यांत, म्हणून कागद घेऊन खाली उतरायचं काम हिच्याकडे आलं. मी तिला घरी नेलं आणि पडवीत बसवून कागद वाचायला लागलो. घरमालक कोपऱ्यात चाळणीने माती चाळत होते.

कागद जंगलाच्या अंमलदारांचा होता. वाडीने राबासाठी झाडांचा टहाळ तोडणं यंदापासून बंद करावं, असा हुकूम. भागाबाईने कपाळाला हात लावला. "आवो कंपौंडर, राब नाय तर रोप नाय. टहाळ नि शेण पसरायचं, वर माती टाकायची, पेटवायचं, नि त्या भाजल्या मातीत भात पेरायचं. आमचं आजे-पणजे हेच करत आलं. राब नाय भाजला तर रोप पिवळं पडतंय. मंग आवणाच्या खाचरात लावायचं काय, खडं?"

मी पुढचं वाचलं. कारण म्हणून लिहिलं होतं: तज्ज्ञांनी मोजून पाहिले आहे की भाजल्याने मातीतील सजीवता नष्ट होते.

चाळणी थांबली. ते उठून आले, माझ्या हातातून कागद घेतला, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग एरवीपेक्षा कितीतरी हळू म्हणाले, "हे वाक्य माझं आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी ते घाटावर एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. वरिष्ठांकडून राबाची भाजलेली माती आली, मोजा म्हणून. त्यांनी बरणीत भरली, तीन दिवस मोजली. पहिल्या दिवशी श्वास नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. त्यांनी लिहून दिलं, माती मेली. कागद वर गेला. ती बरणी मात्र कपाटात तशीच राहून गेली. पंधरा-वीस दिवसांनी दुसरंच काही शोधताना ती त्यांच्या हाताला लागली, आणि वाटीतली निवळी दुधासारखी पांढरी झालेली. भाजलेली माती मेली नव्हती. तिने चटका सोसला होता, ती गप्प बसली होती, आणि मग उठून पहिल्यापेक्षा जास्त जोराने श्वास घ्यायला लागली होती. हे धावत वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठ म्हणाले, अहवाल छापून गेला. हे पत्रं लिहीत राहिले, उत्तरं आली नाहीत. शेवटी नोकरी सोडली. "तेव्हापासून इथे बसून माझं एक वाक्य खोडतोय," ते म्हणाले. "दर वर्षी मोजतो, दर वर्षी तेच निघतं. पण दाखवू कुणाला?"

भागाबाईने हे सगळं ऐकून घेतलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मंग या सायबालाच दाखवा की."

कागदात लिहिलंच होतं, कोणाची हरकत असल्यास अंमलदार महाडच्या मुक्कामात ऐकतील. मुक्काम अठरा दिवसांवर होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं वाडीकडे निघालो. माती वाडीचीच हवी, नाहीतर साहेब म्हणेल महाडची माती वेगळी. मी दोन दिवसांची रजा काढली आणि डॉक्टरांची ताप मोजायची काडी न विचारता खिशात घातली. वर पोचल्यावर बायांनी गतसालचा उरलेला टहाळ एका वाफ्यावर पसरला आणि पेटवला. घरमालकांचं काय वर्णन करू. ते त्या आगीभोवती शिमग्यातल्या पोरासारखे फिरत होते, धोतराला ठिणग्या लागत होत्या, आणि मातीचा ताप किती चढला ते बघायला त्यांनी डॉक्टरांची काडी सरळ राबात खुपसली. ती अर्थातच फुटली. तिचं मी डॉक्टरांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

भाजलेली माती एका फडक्यात, बाजूची न भाजलेली दुसऱ्या फडक्यात. दोन्ही गाठोडी भागाबाईने डोक्यावरून महाडपर्यंत आणली. मी घेतो म्हटलं तर देईना. "माझी हाय ती," म्हणाली. त्यानंतर ती परत गेलीच नाही. माती काय म्हणते ते कळल्याशिवाय वाडीला तोंड दाखवणार नाही म्हणाली आणि पडवीत मुक्काम ठोकला.

तीन बरण्या. कोरी, न भाजलेली आणि राबाची. न भाजलेली पहिल्या दिवसापासून आपली संथ श्वास घेत होती. राबाची गप्प. दुसऱ्या दिवशी गप्प. तिसऱ्या दिवशी गप्प. पाचव्या दिवशी माझा धीर सुटला आणि मी अंगणात जाऊन दोन-तीन उसासे टाकून आलो. भागाबाई रोज विचारायची, "उठली का?" ते मान हलवायचे. "घाई करू नका. घाई मी एकदा केलीय."

नवव्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पुड्या बांधत होतो. बाकावर सात-आठ रोगी. तेवढ्यात आमचे घरमालक भर बाजारातून पळत आले, रुमाल गळ्यात, एक वहाण पायात नि एक हातात. दारातच ओरडले, "उठली. उठली हो."

सगळा दवाखाना उभा राहिला. डॉक्टर बॅग उचलून बाहेर आले. "कोण उठली? कधीपासून बेशुद्ध होती?"

"नऊ दिवस," हे म्हणाले, आणि त्यांना धाप लागली.

डॉक्टर नऊ दिवस ऐकून पांढरे पडले आणि पायऱ्या उतरायलाही लागले. तेव्हा कुठे हे म्हणाले, "माती." एका म्हातारबाबांनी तोवर आनंदाने सगळ्यांना खडीसाखर वाटली होती. ती परत कशी घेणार? सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली, आणि हसू की रडू असं मला झालं होतं. अकराव्या दिवशी राबाची माती न भाजलेलीच्या पुढे गेली. बाराव्या दिवशी आणखी पुढे. आम्ही तिघं पडवीत बसून एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो.

आता शेवटचं मोजमाप साहेबांसमोर व्हायचं होतं. तीन दिवस आधी त्यांनी तिन्ही बरण्यांत ताज्या निवळीच्या वाट्या ठेवल्या, मेण लावलं, आणि खोलीला कुलूप घातलं. पण स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता. उत्साहाच्या भरात आपण मध्येच झाकण उघडून बघू अशी भीती. म्हणून किल्ली भागाबाईकडे दिली, तिला बजावलं, "मेणाला भेग पडता कामा नये, एवढंच बघा," आणि ते बिरवाडीला एका ओळखीच्या माणसाकडे जाऊन राहिले. मला दवाखान्यात सर्दी-पडशाची गर्दी, मी त्या दारासमोरून नुसता जायचो-यायचो.

ठरल्या दिवशी, रविवारी, आमच्या विनंतीवरून साहेब खुद्द घरी आले. आपलाच मराठी माणूस, जाड मिशा, मोजकं बोलणं, वेळेचा पक्का. त्यांच्या मागोमाग घरमालक बिरवाडीहून पोचले. पडवीत खुर्ची मांडली. भागाबाईने कुलूप काढलं आणि अभिमानाने बाजूला झाली.

तिन्ही बरण्यांची तोंडं शेणाने लिंपलेली होती. इतकी सुरेख, की बोटांची एक रेघ दिसेल तर शपथ. थंडीने मेण आकसलं होतं, बारीक भेगा गेल्या होत्या, आणि भागाबाईने त्यावर तिला ठाऊक असलेला सगळ्यांत पक्का उपाय केला होता. भाताच्या कणगीचं तोंड असंच लिंपतात. वर्षभर आत किडा जात नाही.

एव्हाना मलाही एवढं कळत होतं की ताजं शेण म्हणजे जंतूंची जत्रा, आणि तीन दिवस ती जत्रा बरणीच्या तोंडाशी बसून आत श्वास सोडत होती. घरमालकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

साहेबांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. बरण्या पडवीत आणल्या. राबाच्या मातीवरची निवळी दुधासारखी झाली होती. साहेब वाकून म्हणाले, "दिसतंय की. ही तर चांगली पांढरी झालीय. आकडे सांगा, मी लिहून घेतो."

आकडे सांगितले असते तर ते खोटेही नव्हते. राबाची माती उठली आहे हे आम्हाला बारा दिवसांच्या मोजण्यांनी ठाऊक होतं. मी घरमालकांच्या कानाशी पुटपुटलो, "आज कोरी राहू द्या." हे लिहिताना मला आजही लाज वाटते, पण मी ते बोललो होतो.

ते म्हणाले, "आधी कोरी."

गुलाबी रंग दिला, नळीची तोटी फिरवली. रिकाम्या बरणीच्या निवळीला पन्नासच्या वर थेंब लागायचे. पंधराव्याला रंग गेला.

"साहेब," ते म्हणाले, "ही बरणी रिकामी आहे. रिकामी बरणी श्वास घेत नाही. झाकण माझं चुकलं. आजचं काही धरू नका." आणि एवढं बोलून थांबले असते तरी ठीक, पण ते पुढे म्हणाले, "तुमच्या हुकुमातलं ते वाक्यही माझंच आहे. तेव्हाही असंच झालं होतं. फरक एवढाच की तेव्हा मी थांबलो नव्हतो."

साहेबांनी फाईल मिटली. मिशीवरून हात फिरवला. "गुरुवारी मी पोलादपूरला आहे. दुपारी घाट चढतो. त्यानंतर हा कागद माझ्या हातात नसेल."

ते गेल्यावर भागाबाई खांबाला धरून उभी राहिली. तिला कळलं होतं. "मी लिंपलं भाऊ. कणगी लिंपतो तशी. वाडीचं वाटोळं केलं मी."

मला वाटलं, आता हे काही तरी बोलतील. पण त्यांना हसू फुटलं. "भागाबाई, तुम्ही माझ्या बरणीच्या तोंडाशी गोठा बांधलात हो." मग ते एकदम ताठ झाले. त्यांचे डोळे चमकले. "शेणाचा श्वास मी कधी मोजलाच नाही." तेवढ्या घाईत, तेवढ्या काळजीत त्यांनी ते लिंपण खरवडून चौथ्या बरणीत भरलं. मी त्यांना हात जोडले की आधी त्या तीन बरण्या बघा.

रविवारी दुपारीच पुन्हा वाट्या, पुन्हा निवळी. या वेळी मेणात थोडं खोबरेल घातलं, थंडीने तडकू नये म्हणून. आणि किल्ली पुन्हा भागाबाईकडेच. मी विचारलं, "तिच्याकडेच का?" ते म्हणाले, "आता तिच्याइतकं सांभाळणारं महाडात कोण आहे?" खरंच, ती चार दिवस त्या दाराशी अशी बसली की मांजराची टाप नव्हती. एकदा मी तिथे जांभई दिली तर तिने मला बोटाने अंगण दाखवलं.

गुरुवारी उजाडताच बैलगाडी जोडली. तीन बरण्या तीन मांड्यांवर. कोरी त्यांच्याकडे, न भाजलेली माझ्याकडे, राबाची भागाबाईकडे. ऊन चढलं तसं मेण मऊ पडू लागलं, म्हणून बरण्यांवर ओली फडकी टाकली आणि प्रत्येक ओढ्याला थांबून भिजवली. गाडीवान म्हणाला, मयताची गाडी पण याच्यापेक्षा जोरात नेतो मी. झाकण बंद असताना आमच्या श्वासाने काही बिघडणार नव्हतं, हे मी भागाबाईला तीनदा सांगितलं. तरी पोलादपूरपर्यंत ती मान बाहेर वळवूनच बसली होती. तिचा हात मात्र बरणीवरून हलला नाही.

साहेबांचा तट्टू अंगणात खोगीर घालून उभा होता. ओसरीवर पाट मांडले, बरण्या ठेवल्या. आणि ऐन वेळेला आमच्या घरमालकांचे हात थरथरायला लागले. एकाऐवजी दोन थेंब पडले असते. त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "तुम्ही सोडा. तुमचा हात औषधाचा आहे." मोजायचं काम भागाबाईने मागून घेतलं. तिला विसांनीच मोजता यायचं.

आधी कोरी. "एक वीस," भागाबाई म्हणाली. "दोन विसा." "दोन विसा नि सोळा." रंग गेला. कोरी स्वच्छ होती. साहेबांनी मान डोलावली आणि लिहिलं, छपन्न.

न भाजलेली: दोन विसांना एक कमी.

मग राबाची. गुलाबी रंग दिला, तोटी फिरवली. वाडीचे सगळे वाफे त्या वाटीत उतरल्यासारखं मला वाटत होतं. पंधराला काही नाही. अठराव्या थेंबाला रंग क्षणभर नाहीसा झाला आणि ढवळताच परत आला. एकोणीस. "एक वीस," भागाबाईचा आवाज चिरकला. "एक वीस नि एक."

वाटीत रंग उरला नव्हता. मी ढवळलं, परत ढवळलं. तो आला नाही.

साहेब खुर्चीवरून उठले. राबाच्या वाटीतली अर्धी निवळी आम्ही आधीच राखून ठेवली होती, ती त्यांनी मागितली, बाह्या सारल्या आणि पाटावर मांडी घालून स्वतः थेंब सोडले. भागाबाईने त्यांच्यासाठीही मोजले. पुन्हा एक वीस नि एक. त्यांनी वाटी बाजूला सारली. मग कागदावर लिहिलं की वाडीची हरकत ग्राह्य, टहाळ पूर्वीप्रमाणे तोडू द्यावा. सही केली, आणि लेखणी आमच्या घरमालकांपुढे धरली.

"ते वाक्य तुमचं आहे म्हणालात ना? मग तुम्हीच खोडा. आणि बाजूला सही करा."

त्यांनी लेखणी घेतली. जमिनीवर कागद ठेवून, वाकून, त्या ओळीवर डावीकडून उजवीकडे सावकाश एक सरळ रेघ मारली आणि खाली सही केली. सही करून ते मागे टेकले. उघड्या बरण्या समोरच होत्या. त्यांच्या छातीतून एक एवढा मोठा उसासा निघाला की तट्टूने कान टवकारले.

"भाऊ," भागाबाई म्हणाली, "उसासं भायेर."

ते आज्ञाधारकपणे उठले, पायऱ्या उतरून अंगणात गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बराच वेळ झाला तरी ते परत येईनात. मग नळी पाटावर ठेवून मीही खाली उतरलो, कारण माझ्याकडेही एक साठला होता.